थट्टा कवितेची की कवीची? रविकिरण मंडळाच्या वादातून संशोधकाने काय घ्यावं

संशोधनाच्या तयारीला लागलेल्या विद्यार्थ्याला बरंच काही शिकवलं जातं. संदर्भ कसे शोधायचे, गोषवारा कसा लिहायचा, आलेख कसा काढायचा, सगळं. पण दुसऱ्याच्या कामावर टीका कशी करायची, हे कुणी शिकवत नाही. त्यामुळे होतं काय, की आपल्याकडे दोनच सवयी लागतात. मित्राचा आराखडा वाचला की 'छान आहे' म्हणायचं, आणि जो आपल्या गटातला नाही त्याला भर चर्चासत्रात धुऊन काढायचं. दोन्ही वेळा काम तपासलं जात नाही, ही गोष्ट तेवढी निसटते.

या विषयावर लिहायचं ठरवलं तेव्हा विज्ञानातली उदाहरणं समोर होतीच. पण मला जास्त उपयोगी वाटलं ते मराठी कवितेतलं एक जुनं भांडण: एका बाजूला पुण्याचं रविकिरण मंडळ आणि दुसऱ्या बाजूला प्रल्हाद केशव अत्रे. वनस्पतिशास्त्राच्या माणसाने कवितेत कशाला नाक खुपसावं, असं वाटेल तुम्हाला. त्यावर आपल्या खानदेशातलंच उत्तर देतो. १९०७ साली जळगावला पहिलं महाराष्ट्र कविसंमेलन भरलं. धरणगावात जन्मलेल्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे या पोरसवदा कवीला 'बालकवी' हे नाव तिथे मिळालं. ते देणारे अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. आम्ही वनस्पतिशास्त्रवाले ज्या 'इंडियन मेडिसिनल प्लांट्स' ग्रंथाची पानं उलटतो, तो कीर्तिकर आणि बसू यांचा, त्यातले हेच कीर्तिकर. तेव्हा ही वाट आधीच मळलेली आहे.

मंडळ काय होतं

१९२३ साली पुण्यात काही कवी आणि लेखक नियमित जमू लागले. चहा, कवितावाचन आणि एकमेकांच्या कवितांवर चर्चा. या बैठकींना 'सन-टी क्लब' असंही नाव चिकटलं होतं. मंडळातली ठळक नावं अशी: माधव जूलियन (माधव त्र्यंबक पटवर्धन), यशवंत (यशवंत दिनकर पेंढरकर), गिरीश (शंकर केशव कानेटकर), श्रीधर बाळकृष्ण रानडे, मनोरमाबाई रानडे, वि. द. घाटे, नाट्यछटाकार दिवाकर आणि ग. त्र्यं. माडखोलकर. त्याच वर्षी 'किरण' हा त्यांचा एकत्रित संग्रह निघाला.

आजच्या भाषेत सांगायचं तर हा एक अभ्यासगट होता. आधी आपापसांत वाचायचं, मग बाहेर छापायचं. पुढे यशवंत, गिरीश, माधव जूलियन यांनी गावोगावी कविता गाऊन दाखवल्या आणि त्यामुळे कविता छापील पानातून उठून सभागृहात आली. सुनीत, गझल, खंडकाव्य असे प्रकारही त्यांनी नेटाने हाताळले. मंडळाचं हे काम मोठं आहे, ते आधी मान्य करून पुढे जाऊ.

पण अभ्यासगटाचा जो धोका असतो तो इथेही होता. रोज एकमेकांचं ऐकणाऱ्या माणसांचे कान सारखे होतात. एकाला सापडलेली लकब दुसऱ्याकडे जाते, आणि ती लकब आहे हे कुणालाच कळत नाही, कारण सगळ्यांच्याच कवितेत ती आहे. हळवे उद्गार, प्रेमातल्या निराशेचा ठरीव सूर, संस्कृत आणि फारसी शब्दांची एकत्र आरास. गाऊन दाखवलेल्या कवितेत तर गळा चांगला असला की कच्ची ओळही निभावून जाते. प्रयोगशाळेत एकच उपकरण सगळ्यांनी वापरलं आणि त्याचं मापच चुकलेलं असलं, तर सगळ्यांची उत्तरं जुळतात आणि सगळीच चुकीची असतात. तसलाच हा प्रकार.

विडंबन म्हणजे एक चाचणी

१९२५ साली अत्र्यांनी 'केशवकुमार' या नावाने 'झेंडूची फुले' हा विडंबनकवितांचा संग्रह काढला. नावातच खोडी आहे. गुलाब, मोगरा, प्राजक्त यांच्यावर कवी लिहितात. झेंडू दसऱ्याच्या तोरणाला लागतो. (आमच्या शास्त्रातली एक गंमत इथे सांगून टाकतो: झेंडूचं एक फूल हे मुळात एक फूल नसतंच. असंख्य बारीक फुलं एकाच बैठकीवर दाटीने बसलेली असतात आणि लांबून ती एक दिसतात. मंडळाला यापेक्षा नेमकी उपमा अत्र्यांनाही मुद्दाम शोधून सापडली नसती.)

आता विडंबन कसं चालतं ते नीट बघा, कारण तुमच्या कामाचा भाग इथे आहे. विडंबनकार कवितेचा साचा तसाच ठेवतो: वृत्त, शब्दांचा थाट, उद्गार, लय. बदलतो फक्त विषय. 'परिटास' या कवितेत विरहगीताचा सगळा सूर आहे, पण वाट पाहिली जाते आहे ती कपडे घेऊन गेलेल्या परटाची. 'प्रेमाचा गुलकंद'मध्ये प्रियकराने रोज दिलेल्या गुलाबांचा शेवटी चक्क गुलकंद होतो.

म्हणजे हा एक प्रयोगच झाला. एक घटक बदलला, बाकीचे स्थिर ठेवले. परटाच्या वाटेवर डोळे लावूनसुद्धा ती आर्तता जशीच्या तशी उभी राहिली, तर ती मुळात अनुभवातून आली होती की साच्यातून? हा प्रश्न वाचकाला कुणी समजावून सांगावा लागत नाही. तो हसतो आणि त्याला कळतं. दहा पानी समीक्षालेखाने जे झालं नसतं ते एका विडंबनाने झालं. 'झेंडूची फुले' वाचल्यावर तो ठरीव सूर पुन्हा गंभीरपणे लावणं कठीण झालं. माझ्या मते त्या संग्रहाचं खरं काम हेच, आणि ते चोख आहे.

चाचणीच्या मर्यादा

पण कुठल्याही चाचणीला विचारायचे प्रश्न इथेही विचारायला हवेत.

पहिला प्रश्न नमुन्याचा. विडंबनकार सर्वांत सहज चिमटीत सापडणारी कविता उचलतो. ज्या कवितेत लकब नाही तिचं विडंबन होत नाही, म्हणून ती संग्रहात येतच नाही. तेव्हा 'झेंडूची फुले' वाचून तुम्हाला मंडळाच्या कमकुवत कवितेबद्दल बरंच कळेल, मंडळाच्या कवितेबद्दल नाही. मराठी घेऊन बी.ए. झालेल्या ओळखीच्या मुलामुलींना मी विचारून पाहिलं. बहुतेकांना 'प्रेमाचा गुलकंद' आठवतो. यशवंतांचं 'बंदीशाळा' किंवा गिरीशांचं 'आंबराई' वाचलेलं कुणी भेटलं नाही. म्हणजे थट्टेने मूळ पुस्तकांची जागाच घेतली. तुमच्या विषयातही असं होतं. मूळ शोधनिबंध कुणी वाचत नाही, त्याच्यावरची झणझणीत टीका तेवढी सगळ्यांना पाठ असते.

दुसरा प्रश्न लक्ष्याचा. हा संग्रह फक्त रविकिरण मंडळावर आहे असं सर्रास सांगितलं जातं. तसं नाही. त्यात केशवसुतांच्या 'आम्ही कोण?'चंही विडंबन आहे, आणि केशवसुत १९०५ सालीच गेले होते. तिथे नेम धरलाय तो एकूण कवी म्हणवून घेण्याच्या हौसेवर. पाठ्यपुस्तकी एका ओळीत हे बसत नाही, म्हणून ते गळून पडतं. ती एक ओळ उतरवून घेण्याआधी मूळ पुस्तकाची अनुक्रमणिका तरी बघा.

तिसरा प्रश्न टीकाकार कुठे उभा आहे याचा. अत्रे स्वतः कवी होते, गंभीर कविताही लिहीत होते, आणि राम गणेश गडकऱ्यांना, म्हणजे गोविंदाग्रजांना, गुरू मानत होते. गडकरी १९१९ साली गेले आणि नंतरच्या पोकळीत हे नवं मंडळ पुढे आलं. याचा अर्थ अत्र्यांची टीका खोटी ठरते असा नाही. पण हितसंबंध जाहीर करण्याची जी पद्धत आज आपण निबंधाच्या शेवटी पाळतो, ती वाचताना मनातल्या मनात पाळावी लागते.

चौथा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: थट्टा कशाची चालली आहे? त्याच काळात माधव जूलियनांच्या खासगी आयुष्यावरून पुण्यात वादळ उठलं होतं आणि त्यांना फर्ग्युसन महाविद्यालयातली फारसीची प्राध्यापकी सोडावी लागली. पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात गेले. अशा वेळी त्यांच्या प्रेमकवितेवर हसणारा वाचक नेमका कशावर हसत होता? ओळीवर, की माणसावर? विडंबनाच्या पानावर हे दोन वेगळे करता येतात. ऐकणाऱ्याच्या मनात ते एकत्र होतात. लिहिणाऱ्याने हात झटकले तरी तो फरक आपोआप राखला जात नाही.

हे आपल्याला कुठे लागतं

हे मी पिंपळनेरला बसून लिहितोय. साक्री तालुक्यातून, धुळ्याच्या पश्चिम टोकाकडून जी मुलं संशोधनाकडे वळतात, त्यांना हा चौथा प्रश्न पुस्तकातून शिकावा लागत नाही. एका चर्चासत्रात आमच्याकडची एक मुलगी मातीच्या नमुन्यांवरचं काम मांडत होती. बोलण्याच्या ओघात 'आहे'च्या जागी तिच्या तोंडून अहिराणी 'शे' गेलं. मागच्या दोन रांगा हसल्या. मग उरलेली दहा मिनिटं ती प्रत्येक वाक्य जपून, अडखळत बोलली. प्रश्नोत्तरांत कुणीही विचारलं नाही की नमुने किती होते आणि कोणत्या महिन्यात घेतले. तिच्या मांडणीत खरोखर एक कच्चा दुवा होता, पावसाळ्याआधीचे आणि नंतरचे नमुने एकत्र मोजले होते. तो तसाच राहिला. हसणाऱ्यांना वाटलं आपण चिकित्सा केली.

इथे फरक लक्षात घ्या. कवितेत शब्दांची निवड हेच काम असतं, म्हणून अत्र्यांनी मंडळाच्या शब्दकळेवर बोट ठेवलं ते रास्त होतं. संशोधनात तुमची बोली हा तुमचा दावा नसतो. तिच्यावर हसणं म्हणजे दावा न तपासता सोडून देणं. अत्र्यांसारखं बोचरं बोलायची हौस अनेकांना असते. पण आधी त्यांच्यासारखी मूळ कविता पाठ असावी लागते. साचा आतून माहीत असल्याशिवाय विडंबन जमत नाही.

वाद ओसरल्यावर काय उरलं

माधव जूलियनांचं पुढचं काम बघा. १९२७ साली त्यांचा 'छंदोरचना' हा ग्रंथ निघाला. मराठी पद्यरचनेचा हा शास्त्रीय अभ्यास. अक्षरं आणि मात्रा मोजून, उदाहरणं गोळा करून, वृत्त, जाती, छंद यांची वर्गवारी त्यांनी लावली. लयीच्या आवर्तनात आठ मात्रा असतील तर पद्मावर्तनी, सहा असतील तर भृंगावर्तनी, अशी नावं दिली. (पद्म आठ पाकळ्यांचं, भृंग सहा पायांचा. नाव ऐकलं की आकडा आठवतो. वर्गीकरण करणाऱ्यांनी हे शिकण्यासारखं आहे.) तेवढ्यावर न थांबता दहा वर्षं काम करून १९३७ साली त्याची सुधारून वाढवलेली आवृत्ती काढली. १९३८ साली मुंबई विद्यापीठाने त्यासाठी त्यांना डी.लिट. दिली.

'छंदोरचना' हे अत्र्यांना दिलेलं उत्तर होतं, असं मी म्हणत नाहीये. एक गोष्ट दुसरीनंतर घडली म्हणून ती तिच्यामुळे घडली असं होत नाही, हे आपल्याला पहिल्याच वर्षी शिकवतात. माझं म्हणणं एवढंच आहे: 'ही कविता खरी आहे की साचेबंद' हा वाद अभिरुचीचा आहे आणि तो कधीच संपत नाही. 'या ओळीत मात्रा किती आणि आवर्तन कुठे पुरं होतं' हा प्रश्न मोजता येतो. उद्या कुणीही तो तपासून चूक दाखवू शकतो. त्या काळातल्या वादातले टोमणे आज समजायला टिपा लागतात. 'छंदोरचना' मात्र आजही वृत्तांचा अभ्यास करणाऱ्याला उघडावी लागते. भांडण होऊ दे, पण त्यातून कुणाला तरी मोजता येणारा प्रश्न सापडायला हवा.

आणि याच माणसाच्या बाबतीत एक सावधगिरीची सूचना. फारसीचे प्राध्यापक, १९२५ सालच्या फारसी-मराठी कोशाचे कर्ते, असे हे गृहस्थ पुढे भाषाशुद्धीचे कट्टर पुरस्कर्ते झाले आणि त्यांनी स्वतःच्याच जुन्या कवितांमधले अरबी-फारसी शब्द बदलले. तुम्ही उद्या 'रविकिरण मंडळाच्या शब्दकळेत फारसी शब्दांचं प्रमाण' असा विषय घेतलात आणि नंतरच्या आवृत्तीवरून शब्द मोजलेत, तर आकडेमोड बिनचूक असूनही निष्कर्ष चुकेल. कोणती आवृत्ती, कोणत्या सालची, हे पहिल्या पानावर लिहा. आम्ही नमुन्यावर ठिकाण आणि तारीख लिहितो ना, तसंच.

साक्षीदार सगळे आतलेच

या वादाबद्दल वाचायला गेलात तर साधनं भरपूर आहेत, पण कुणाची ते बघा. माधव जूलियनांचं 'स्वप्नभूमी' हे चरित्र लिहिलं गिरीशांनी, म्हणजे मंडळातल्याच मित्राने. 'दिवस असे होते' हे आत्मचरित्र घाट्यांचं, तेही मंडळातले. 'कऱ्हेचे पाणी' हे अत्र्यांचं स्वतःचं. तिन्ही वाचनीय, तिन्ही पक्षकारांची. ही पुस्तकं वापरायचीच, पण वेगवेगळ्या कामांसाठी. कोण कुणाकडे जमत होतं यासाठी मित्राचं चरित्र उत्तम. कोणती कविता चांगली यासाठी ते पुरेसं नाही. आणि जिथे दोन विरुद्ध बाजूंचे लेखक एकाच गोष्टीवर एकमत होतात, तिथे पेन्सिलीने खूण करा. ती जागा बरीचशी भक्कम असते.

जिंकलं कोण, असं विचाराल तर साहित्य संमेलनाच्या अध्यक्षांची यादी मजेशीर आहे. १९३६ जळगाव, माधव जूलियन. १९४२ नाशिक, अत्रे. १९४६ बेळगाव, माडखोलकर. १९५० मुंबई, यशवंत. १९५३ अहमदाबाद, घाटे. म्हणजे ज्यांची थट्टा झाली ते आणि ज्याने केली तो, सगळे एकाच खुर्चीवर बसून गेले. थट्टेमुळे कुणाची वाट अडली नाही, आणि खुर्ची मिळाल्याने कुणाची कविता सुधारलीही नाही. मानमरातब हे कामाच्या दर्जाचं माप म्हणून धरू नका, एवढाच त्या यादीचा अर्थ.

यादीत नसलेली बाई

शेवटचा मुद्दा आपल्या भागातला. पुण्यात हे मंडळ जमत होतं, विडंबनं निघत होती, त्याच वर्षांत जळगाव जिल्ह्यात बहिणाबाई चौधरी घरची आणि शेतातली कामं करता करता ओव्या रचत होत्या. अक्षरओळख नव्हती, घरातलं कुणी उतरवून घेई तेवढंच कागदावर येई. त्या कुठल्या मंडळात नव्हत्या, आणि कुणाच्या टीकेचं लक्ष्यही नव्हत्या. १९५१ साली त्या गेल्या. त्यांचे चिरंजीव, कवी सोपानदेव चौधरी यांनी ती वही दाखवली अत्र्यांना. अत्र्यांनी ते काव्य प्रसिद्ध व्हायलाच हवं म्हणून आग्रह धरला, प्रस्तावना लिहिली आणि १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' आली.

यातून मी दोन गोष्टी घेतो. एक, अत्र्यांचा कान खरा होता. साचा ओळखणारा माणूस साच्याबाहेरचं काव्यही ओळखू शकला. दुसरी जास्त अस्वस्थ करणारी आहे. १९२५ सालच्या मराठी कवितेचा इतिहास तुम्ही केवळ वादांवरून लिहिलात, तर त्यात बहिणाबाई येणारच नाहीत. वाद होतो तो एकमेकांना ओळखणाऱ्यांमध्ये. मंडळाचा विरोधक व्हायलासुद्धा पुण्यात असावं लागतं, छापता यावं लागतं. तेव्हा तुमच्या विषयातल्या दोन गटांचं भांडण वाचून झालं की आणखी एक प्रश्न वहीत लिहा: या दोघांनाही माहीत नसलेलं काम कोण करतंय, आणि ते कुठल्या बोलीत आहे?

सरावासाठी एक काम देतो. 'झेंडूची फुले'मधलं कुठलंही एक विडंबन घ्या आणि ते ज्या कवितेवरून केलंय ती मूळ कविता शोधून काढा. आधी मूळ वाचा, मग विडंबन. मूळ कवितेतलं काय विडंबनानंतरही शाबूत राहिलं, ते दीडशे शब्दांत लिहा. नंतर हेच मित्राच्या आराखड्यावर करून बघा: त्याच्या मांडणीतली सर्वांत कच्ची जागा आणि सर्वांत पक्की जागा, दोन्ही त्याला सांगा. 'छान आहे' हे शब्द वापरायचे नाहीत.

पुढच्या लेखात आराखड्यातली गृहीतकं कशी लिहायची ते बघू.